पारायणाचा पाचवा दिवस

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात आजोबा नोकरीनिमित्त कलकत्त्यात होते आणि आमचे बिऱ्हाड खिदिरपूरच्या गोदीजवळ होते. मोठ्या आत्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. त्या सांगतात की घरात गुरुचरित्राचे पारायण चालू असताना पिठूर चांदण्यात बॉम्ब पडले. आजीने सगळ्यांना जिन्याखाली बसवून कानांत कापूस घातला आणि दातांत पदराचा बोळा धरायला लावला. पुढे सगळे भुसावळला परतले. काका मात्र हे 1943 मधले म्हणतात. खरे वर्ष कोणते?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : काकांचे म्हणणे अगदीच वाऱ्यावरचे नाही. खिदिरपूरच्या गोदीवरचा सर्वांत भीषण जपानी हल्ला 5 डिसेंबर 1943 रोजी झाला आणि त्यात शेकडो माणसे दगावली. त्या वर्षी मार्गशीर्ष पौर्णिमा 11 डिसेंबरला असल्याने दत्तजयंतीपूर्वीचा सप्ताहही त्याच सुमारास बसत असणार, म्हणजे केवळ पारायणावरून निकाल लागत नाही. निकाल लागतो तो चांदण्यावरून, कारण तो हल्ला दिवसाढवळ्या झाला होता.

कलकत्त्यावर पहिले बॉम्ब पडले ते 20 डिसेंबर 1942 च्या रात्री, आणि त्यानंतर नाताळाच्या सुमारापर्यंत आणखी काही रात्री. पौर्णिमा 22 डिसेंबरला होती, तेव्हा सप्ताह 16 तारखेला बसला असेल, तर 20 हा पाचवा दिवस. विमानांनी नेमक्या याच रात्री निवडल्या यात नवल नाही. दिवे मालवून शहर काळोखात बुडवता येते, पण चांदण्यात चमकणारी हुगळी झाकता येत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला इंग्रजी तारीख आठवली नाही, तिथी आठवली, आणि आमच्या मते तिथीच अधिक भरवशाची ठरली.

पदराच्या बोळ्याचे म्हणाल, तर ती आजींची भाबडी समजूत नव्हती. बॉम्ब फुटताना हवेचा दाब एकदम वाढतो. तोंड थोडे उघडे राहिले, तर कानाच्या पडद्याला इजा होण्याचा धोका कमी होतो, म्हणून दातांत काहीतरी धरून ठेवण्याची सूचना नागरिकांना त्या काळी दिली जात असे.

त्या डिसेंबरात हावड्याहून लाखो लोक गावोगाव निघून गेले. तुमची मंडळीही त्यांतलीच असल्यास बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर आणि तिथून जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) गाडीने भुसावळ, हा सरळ मार्ग होता.

आत्यांना एक गोष्ट जरूर विचारावी, मात्र वर्ष किंवा हल्ल्याची वेळ आपण सुचवू नये : पारायण पूर्ण झाले का, आणि झाले असल्यास कोणत्या घरात?