फाईल तुझ्या हातात असू दे

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

धुळ्याच्या कॉलेजात प्रवेश झाला, वसतिगृहही मिळालं, फार आनंद वाटला. पण तू लिहिलंस की डॉक्टरांसमोर तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आजवर सगळं आईच सांगत आली. आता रात्री-अपरात्री पाय ठणकायला लागले तर आई तिकडे शहाद्याला असेल. बोलायचं तुलाच आहे.

आपला सिकलसेल म्हणजे जन्मापासूनचा रक्ताचा आजार, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. त्याचं दुखणं बहुतेक वेळा वरून दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, एक्स-रेतही काही सापडत नाही. मग तरण्याताठ्या मुलीला कळवळताना पाहून ‘परीक्षेचं टेन्शन असेल’ म्हणणारे भेटतात. एका दवाखान्यात दोन्ही मांड्या ठणकत असताना मला बाकावर बसवून ठेवलं होतं, नाटक करते म्हणाले. तेव्हापासून मी कण्हत बसत नाही, आधी सांगून टाकते. तूही पाठ कर (एसएस म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष आलेला): ‘मला सिकलसेल आहे, एसएस. पहाटेपासून पाठ आणि मांड्या दुखताहेत, दहापैकी आठ. घरची गोळी घेतली, उतार नाही. माझं हिमोग्लोबिन एरवी साडेसात-आठ असतं.’

शेवटचं वाक्य गाळू नकोस. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, आपली १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून आपलं हिमोग्लोबिन कायमच कमी. नव्या डॉक्टरांना साडेसात दिसलं की रक्त चढवावंसं वाटतं. पण तुझं एरवीचं किती आणि आज किती उतरलं, हे त्यांना कळायला हवं. लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. ‘माझ्या अंगात लोह खरंच कमी आहे का, आधी तपासाल का?’ असं खुशाल विचार. वरचेवर रक्त चढवलेल्या माणसाच्या अंगात लोह उलट साचतं.

आणि डोळे पिवळे दिसले की गावाकडे लगेच काविळीचं झाडपाल्याचं औषध सुरू होतं. आजीच्या मायेला नाही म्हणणं जड जातं, मला माहीत आहे. तरी नाही म्हण. पेशी फुटल्या की डोळे पिवळे होतातच. नेहमीपेक्षा जास्त पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तर सरळ दवाखाना. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट बघायची नाही.

फाईल आईच्या कपाटात साड्यांखाली आहे म्हणालीस. सोयरिकीत आडवी येऊ नये म्हणून आपल्याकडे किती मुलींच्या फाईली अशा दडवल्या जातात! मला याचा संताप येतो. ती मागून घे. एचपीएलसीचा, म्हणजे सिकलसेल पक्का करणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, दुखणं वरचेवर उठू नये म्हणून घेतो त्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीचा डोस, रक्त कधी चढवलं, कोणत्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली, सगळं एका जागी ठेव आणि मोबाईलमध्ये फोटो काढ. हायड्रॉक्सीयुरिया चालू असताना ठरल्या तारखेची रक्ततपासणी चुकवू नकोस, त्या गोळीने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. लग्नाचं म्हणशील तर मुलाचं रक्त आधी तपासून घ्यायचं. तो वाहक निघाला, म्हणजे स्वतः आजारी नसला तरी एका पालकाकडून हा दोष त्याच्यात आलेला असला, तर प्रत्येक खेपेला बाळाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी असते. हे लपवून जुळवायचं काम नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज कर. परीक्षेत जादा वेळ मागताना किंवा वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या म्हणताना संकोच कशाला? आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४२-४४ वर जातो, आणि अंगातलं पाणी आटलं की पेशी अडकतात, दुखणं उठतं. थंडीतही तेच, म्हणून गार पाण्याने अंघोळ नको. रेक्टरबाई आणि खोलीतली एक मैत्रीण, या दोघींना तरी सगळं सांगून ठेव.

पहिल्या तपासणीला जाताना प्रश्न वहीत लिहून ने, तीनच. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरही दमलेले असतात, त्यांच्याशी भांडायचं नाहीच. पण उत्तर कळलं नाही तर ‘सर, पुन्हा सांगाल का’ म्हण आणि लिहून घेतल्याशिवाय उठू नकोस. काय म्हणाले ते मला रात्री फोनवर सांग.

तुझी,
ताई