‘फाइन’ म्हणजे नक्की काय: बारीक, छान की शुद्ध?

तिन्ही. कोणत्या नामाला चिकटलाय ते बघायचं. फाइन पावडर म्हणजे वस्त्रगाळ पूड, फाइन वेदर म्हणजे छान उघडीप. सराफाकडे फाइन गोल्ड म्हणजे चोख सोनं. दागिन्यावरचा ९१६ हा आकडा त्याच ‘फाइननेस’चा, हजार भागांत ९१६ भाग सोनं, म्हणजे २२ कॅरेट. मूळ लॅटिन ‘फिनिस’, अर्थ शेवट. शेवटाला नेलेलं ते परिपूर्ण, त्यातूनच पुढे शुद्ध, तलम, बारीक. दंडाचा फाइनही (तो नाम, पण घराणं तेच) प्रकरण मिटवायला भरायची रक्कम.

सगळ्यात फसवा ‘आय ॲम फाइन’. चहा विचारल्यावर हे उत्तर आलं तर तब्येतीची खुशाली नव्हे, ते ‘नको’ आहे. भांडणात कुणी तुटकपणे नुसतं ‘फाइन’ म्हटलं, तर मात्र काहीच ठीक नाही असं समजा.