झोपेत ओरडतात, पण किती वाजता?

या महिन्यात झोपेबद्दलची तीन पत्रं आलीत आणि तिन्हीत रात्रीची भीती आहे, पण आजार तीन वेगळे आहेत, म्हणून एकत्रच घेतेय. नावं, गावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण मोठ्या माणसांतल्या या त्रासावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, लहान मुलांचं सगळ्यांना माहिती असतं.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. लग्नाला तीन वर्षं झाली, मिस्टर ३५ चे आहेत, आयटी सपोर्टमध्ये शिफ्ट असते, कॅब रात्री अडीच-पावणेतीनला सोडते. झोपून तासभर होतो न होतो तोच ते ताडकन उठून बसतात आणि असे किंचाळतात की कुणीतरी मारायला आलंय, डोळे सताड उघडे, घामाने बनियन भिजलेली, मी समोर असून मी दिसतच नाही त्यांना. आठवड्यातून एकदा-दोनदा होतं. मागे एकदा तर उठून बाल्कनीचं दार उघडत होते, आमचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर आहे. मी घट्ट धरायला गेले तर असा हिसडा दिला की माझं मनगट सुजलं. सकाळी काहीच आठवत नाही, वर मलाच म्हणतात तू वाढवून सांगतेस. मग मी मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला तर इतके शरमले की तेव्हापासून हॉलमध्ये झोपतात. शेजारच्या काकूंनी लिफ्टमध्ये हळूच विचारलं, घरी काही त्रास आहे का गं? सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, गावी घेऊन चला, अंगारा पण पाठवलाय. त्यांना वेड लागतंय का?

उत्तर : आधी बाल्कनी. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. दाराला वरच्या बाजूला, सहज हात जाणार नाही अशी कडी बसवून घ्या, चावीचं कुलूप असेल तर चावी दुसऱ्या खोलीत. हॉलमध्ये त्यांना एकट्याला झोपवू नका, हॉलला लागूनच बाल्कनी असते बहुतेक फ्लॅटमध्ये. पलंगाच्या बाजूची काच, टेबललॅम्प, टोकदार कोपऱ्याचं टेबल हलवा. दाराला एक छोटी घंटी किंवा सेन्सरवाला अलार्म लावला तर तुम्हालाही जाग येईल, नाहीतर तुम्ही रात्रभर कान टवकारून पडून राहाल आणि आजारी तुम्हीच पडाल.

आता वेडाचं. नाही, हे वेड नाही. याला नाइट टेरर म्हणतात. झोपेचे टप्पे असतात ना, त्यातली सगळ्यात गाढ झोप ही झोपेच्या पहिल्या एक तृतीयांश भागात येते, आणि हा प्रकार त्याच गाढ झोपेतून अर्धवट जाग आल्याने होतो. म्हणजे एका फेजला लाइट आलीय आणि दुसऱ्या फेजला नाही, असं काहीसं. उठून बसणं, ओरडणं, पळणं, छाती धडधडणं हे सगळं चालू, पण समोर कोण आहे हे ओळखणारा आणि लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग अजून झोपलेला. म्हणून त्यांना तुम्ही दिसत नाही आणि म्हणूनच सकाळी आठवत नाही, ते खोटं बोलत नाहीयेत. वाईट स्वप्न वेगळं, ते साधारण पहाटेकडे पडतं, माणूस पूर्ण जागा होतो आणि काय दिसलं ते सांगतो. मोठ्यांमध्येही नाइट टेररवाल्या काहींना एखादं चित्र आठवतं, भिंत कोसळतेय, कुणीतरी खोलीत आहे, एवढंच, पण गोष्ट अशी नसते त्यात.

म्हणून मी पहिला प्रश्न नेहमी हाच विचारते, झोपल्यापासून किती वेळाने? घड्याळात किती वाजले ते नाही, झोप लागल्यापासून किती. तुमचे मिस्टर तीन-साडेतीनला झोपतात, त्यामुळे त्यांचा प्रकार पहाटे साडेचारला होणार आणि ऐकणाऱ्याला वाटणार पहाटेचं स्वप्न आहे. शिफ्टवाल्यांच्या बाबतीत डॉक्टरसुद्धा इथे फसू शकतात, तेव्हा सांगताना नीट सांगा.

त्या वेळी काय करायचं? धरायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे मला माहितीये, आपला माणूस किंचाळतोय म्हटल्यावर आपण मिठी मारायला धावणारच, पण त्या अवस्थेत धरणारा हात हाच हल्ला वाटतो आणि मग तुमच्या मनगटाचं झालं तसं होतं. हलवून जागं करू नका, पाणी मारू नका, मोठा लाइट लावू नका. दोन हात लांब उभं राहून हळू आवाजात तेच तेच बोला, घरी आहेस, मी इथेच आहे, झोप. दाराकडे निघाले तर पुढे आडवं न जाता बाजूने पलंगाकडे वळवा. बहुतेक वेळा काही मिनिटांत सगळं ओसरतं आणि ते शांत झोपतात, जागं राहायची वेळ तुमच्यावर येते.

कारणांचं म्हणाल तर दोन भाग करा. एक, ही प्रवृत्ती घराण्यात असते. सासूबाईंना विचारा की हे लहानपणी झोपेत चालायचे का, ओरडायचे का, यांचे वडील, काका, आत्या कुणी? मला तर वाटतं खरी माहिती त्यांच्याकडेच निघेल, आणि त्यांनाही बाहेरच्या बाधेपेक्षा आपल्या घरातलं आहे हे कळलं तर जरा शांत वाटेल. दुसरा भाग म्हणजे त्या प्रवृत्तीला उठवणाऱ्या गोष्टी, आणि यात पहिला नंबर अपुऱ्या झोपेचा. झोप अपुरी राहिली की शरीर पुढच्या झोपेत गाढ झोपेचा टप्पा जास्त ओढून घेतं, आणि गाढ झोप जास्त म्हणजे त्यातून असं अर्धवट उठायची शक्यता जास्त. दर आठवड्याला शिफ्ट बदलत असेल तर हे होणारच होतं असं मी म्हणेन. मग टेन्शन, ताप, झोपताना घेतलेली दारू, भरलेली लघवी, बाहेरचा आवाज. झोपेच्या काही गोळ्यांनी, विशेषतः झोल्पिडेमने, आणि मनाच्या आजारांवरच्या काही औषधांनीसुद्धा होऊ शकतं, तेव्हा चालू असलेल्या गोळ्यांची स्ट्रिप घेऊन डॉक्टरकडे जा, स्वतःहून बंद मात्र करू नका.

आणि घोरतात का? पत्रात लिहिलं नाहीये तुम्ही. घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो, मग एकदम गुदमरून आवाज येतो असं असेल तर तो स्लीप अॅप्निया असू शकतो, दर वेळी श्वास अडकला की मेंदू गाढ झोपेतून ढकलला जातो आणि नाइट टेरर सुरू होतो. अशा वेळी अॅप्नियाचा इलाज केला, म्हणजे वजन कमी करणं किंवा सीपॅप मशीन (झोपताना मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं), की ओरडणंही बऱ्याचदा कमी होतं.

घरचा एक उपाय आहे जो करून बघण्यासारखा आहे. दोन आठवडे वहीत लिहा, झोपले किती वाजता, ओरडले किती वाजता, त्या दिवशी शिफ्ट कुठली, जेवण-दारू काय. वेळ साधारण ठरलेली दिसली तर त्याच्या १५-२० मिनिटं आधी त्यांना हळूच उठवायचं, हं म्हणण्याइतकी जाग आली की परत झोपू द्यायचं, असं काही आठवडे. मनगटी घड्याळाचा व्हायब्रेशन अलार्म लावून हे काम त्यांच्यावरच टाकता आलं तर उत्तमच, कारण तुमची झोप मोडून त्यांची सुधारायची हा काही न्याय नाही. मात्र शिफ्ट बदलली की गणित परत मांडावं लागतं. शक्य असेल तर कंपनीत एचआरशी बोलून निदान एकच शिफ्ट सलग मागा, त्यासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळतं.

डॉक्टरकडे जायचंच आहे, कारण दुखापत झालीय आणि बाल्कनीपर्यंत गोष्ट गेलीय. मानसोपचारतज्ज्ञ किंवा न्यूरोलॉजिस्ट, स्लीप क्लिनिक जवळ असेल तर तिथे. गरज वाटली तर ते रात्रभराची व्हिडिओसकट स्लीप स्टडी सांगतील. त्यात एक गोष्ट ते नक्की तपासतील की ही फिट तर नाही, कारण मेंदूच्या पुढच्या भागातल्या फिट्स झोपेत येतात आणि दिसायला अशाच असतात, पण त्या छोट्या असतात, दर वेळी हालचाल अगदी सारखीच, आणि एका रात्रीत अनेकदाही येतात. तुमचा व्हिडिओ इथे सोन्याच्या किमतीचा आहे, तो डॉक्टरला दाखवा. मिस्टरांना परत दाखवू नका, एकदा पुरे झालं. मोठ्या वयात याच्याबरोबर अँग्झायटी, डिप्रेशन किंवा जुना एखादा धक्का असू शकतो, असेलच असं नाही, पण डॉक्टरने विचारलं तर चिडू नका, आणि टेन्शन जास्त असेल तर त्यावरचं समुपदेशन झोपेलाही उपयोगी पडतं. लगेच अपॉइंटमेंट मिळत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आणि मराठीतही बोलतात. क्लोनाझेपामसारखी गोळी काही जणांना थोड्या दिवसांसाठी देतात, पण ती शेजाऱ्याच्या डब्यातली घ्यायची नाही, सवय लागते आणि अॅप्निया असेल तर श्वासाचा त्रास वाढू शकतो.

अंगाऱ्याबद्दल मी भांडणार नाही. सासूबाईंनी मायेने पाठवलाय, लावा कपाळाला. पण गावी नेऊन कुणी उतरवायच्या नावाखाली मारहाण, चटके, उपाशी ठेवणं असलं काही करणार असेल तर ठाम नाही म्हणा, महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवायला असले छळ करणं गुन्हा आहे.

आणि काकूंना सरळ सांगून टाका हो. झोपेचा आजार आहे, डॉक्टर चालू आहे, आवाज आला तर घाबरू नका. मिस्टरांना विचारून सांगा पण सांगाच, त्या बिचाऱ्या काळजीनेच विचारतायत आणि अशी विचारणारी शेजारीण आजकाल मिळत नाही.

प्रश्न : आमचे हे ६४ चे, एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाले. वर्षभर झालं पहाटे चार-पाचला झोपेतच लाथा मारतात, शिव्या देतात, "अरे दाब ब्रेक" म्हणून ओरडतात. एकदा पलंगावरून पडले, एकदा मला नाकावर बुक्की बसली. हलवलं की लगेच जागे होतात आणि सगळं सांगतात, घाटात गाडी होती, समोरून ट्रक आला. मुलगा म्हणतो नोकरीचं टेन्शन बाहेर पडतंय. फोडणीचा वासही येत नाही म्हणतात हल्ली. झोपताना दहा वाजता झोपतात.

उत्तर : मुलाचं म्हणणं पटण्यासारखं आहे पण मला ते पटलं नाही. दहाला झोपून पहाटे चार-पाच, म्हणजे रात्रीचा शेवटचा भाग, लगेच जाग, आणि स्वप्न तपशिलात आठवतं. हा नाइट टेरर नव्हे. स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत आपले हातपाय निसर्गतः ढिले पडलेले असतात म्हणून आपण स्वप्नात पळतो पण पलंगावर नाही पळत. यांच्यात ते ढिलं पडणं होत नाहीये, म्हणून स्वप्नात ब्रेक दाबला की पाय खरंच चालतो. रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात याला, १९८६ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसच्या शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी मोठ्या माणसांमधला वेगळा आजार म्हणून याची नोंद केली. पन्नाशीनंतरच्या पुरुषांत जास्त दिसतो.

न्यूरोलॉजिस्टलाच दाखवा, आणि वास न येण्याचं नक्की सांगा. बद्धकोष्ठता, चालणं मंद होणं, अक्षर बारीक होत जाणं यातलं काही असेल तर तेही. घाबरवायला सांगत नाहीये, पण हा झोपेचा त्रास असलेल्या बऱ्याच लोकांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन म्हणजे कंपवात किंवा त्याच्या जवळचा आजार होतो, तेव्हा डॉक्टरच्या नजरेखाली राहणं बरं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही हे सुरू होतं, तसली गोळी चालू असेल तर कळवा. झोपेतल्या लाथा-बुक्क्या मेलाटोनिन (झोपेच्या हार्मोनची गोळी) किंवा क्लोनाझेपामने बऱ्याच जणांच्या कमी होतात, कुठलं आणि किती ते डॉक्टर ठरवतील. तोपर्यंत गादी जमिनीवर, आणि तुम्ही वेगळ्या गादीवर. चाळीस वर्षांच्या संसारात वेगळं झोपायला कसंतरी वाटत असेल, पण नाक एकच आहे.

प्रश्न : डॉक्टर, मी एमपीएससी करते, पुण्यात कॉटबेसिसवर राहते. जाग येते पण हलता येत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, ओरडायचं असतं पण आवाजच फुटत नाही. रूममेट म्हणते ही रूमच वाईट आहे. रूम सोडू का?

उत्तर : डिपॉझिट बुडवू नकोस. तुझं नाइट टेररच्या बरोबर उलट आहे, तिथे ओरडणारा झोपेत असतो, इथे तू जागी आहेस आणि शरीर अजून रेम झोपेत. स्लीप पॅरालिसिस. खूप जणांना आयुष्यात एखाद-दुसऱ्यांदा होतो, काही सेकंद ते दोन-चार मिनिटं, आणि आपोआप सुटतो. अभ्यासिकेतून दोनला येऊन सहाचा अलार्म लावणाऱ्यांना, आणि उताणं झोपणाऱ्यांना जास्त. कुशीवर झोप, झोपायची वेळ रोज एकच ठेव, सात तास तरी झोप. तसं झालंच तर सगळं अंग हलवायला जोर न लावता फक्त एक बोट किंवा डोळे हलवायचा प्रयत्न कर. रात्री कितीही झोपलं तरी दिवसा लेक्चरमध्ये डुलकी आवरत नसेल, किंवा खळखळून हसताना गुडघे एकदम लुळे पडत असतील, तर मात्र न्यूरोलॉजिस्टकडे जा, ते नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, आहे का ते तपासतील.