माणसे आपल्या मोटारीला नाव का देतात आणि तिला स्त्री किंवा पुरुष का मानतात?

मोटारीला नाव देणे हा निव्वळ लाडिकपणा नाही. निर्जीव वस्तूच्या वागण्यामागेही हेतू शोधण्याची मनाची जी सवय असते, तिचेच ते एक रूप आहे. निकोलस एप्ली, ॲडम वेट्झ आणि जॉन कॅसिओपो या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, एखाद्या गोष्टीचे वर्तन समजून घेण्याची निकड आणि सोबतीची गरज वाढली की ही सवयही बळावते. त्यामुळे कधी रुसून बसेल याचा नेम नसलेल्या जुन्या गाडीला नाव लवकर मिळते, आणि दिव्यांचे डोळे व जाळीचे तोंड तर समोरच असते.

लिंगाचे म्हणाल, तर मनाने गाडीला व्यक्ती मानले की ते ओघानेच येते. जहाजाला स्त्री मानण्याची इंग्रजीभाषक खलाशांची जुनी परंपराही त्यामागे असावी, असे मला वाटते.

याचे परिणामही दिसतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आभासी स्वयंचलित मोटारीला नाव, लिंग आणि आवाज दिल्यावर त्यात बसलेल्यांचा तिच्यावरील विश्वास वाढला. आपल्या गाडीचा व्यक्ती म्हणून विचार करणारा मालक ती बदलण्यासही सहसा कमी उत्सुक असतो.