प्रिंटर राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

सांगलीचे एक वाचक लिहितात : "बारा वर्षांत घरात तीन प्रिंटर झाले. दोघांची शाई सुकली, तिसऱ्यात शाई संपली की तो स्कॅनसुद्धा करत नाही. महिन्याला चाळीसेक पानं लागतात. आता १४,००० चा इंक टँक नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का? स्कॅनर हवाच, कारण गेल्या आठवड्यात विम्याची पॉलिसी हातात आली, ती जपून ठेवायची आहे. दहा वर्षं दरवर्षी १ लाख भरायचे, विसाव्या वर्षी २० लाख, म्हणजे दामदुप्पट. विमा १० लाखांचा. वय ४१, घरकर्ज १८ लाख बाकी, घरखर्च महिना ४० हजार, मुलं नऊ आणि पाच वर्षांची. दुसरा विमा नाही."

प्रिंटर घेऊ नका. वर्षाची पाचशे पानं झेरॉक्सवाल्याकडे दोन रुपयांनी हजारात होतात. १४,००० वसूल व्हायला चौदा वर्षं, तीही शाई-कागद फुकट धरून. इंक टँकची शाई स्वस्त पडते, पण रोज छापणाऱ्याला. मशीन पडून राहिलं की हेड सुकतं आणि क्लीनिंग करताना शाई कागदावर न येता आतल्या पॅडमध्ये जिरते. आमच्याकडे एकदा २५ जानेवारीच्या रात्री मुलीसाठी तिरंगा छापायला घेतला. पिवळी शाई सुकलेली, त्यामुळे केशरी पट्टा गुलाबी आला आणि हिरवा निळा. तीन वेळा क्लीनिंग केलं, उरलेली शाईही गेली. स्कॅनला मोबाइल पुरतो.

आता पॉलिसी. तिच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, आणि मला मात्र तिचीच काळजी वाटते.

दामदुप्पट हा शब्द ऐकून भुलू नका. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो आणि दहावा अकरा, म्हणजे तुमचे हप्ते सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतात. तेवढ्या काळात दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. हेच पैसे पीपीएफ या सरकारी बचत योजनेत टाकले आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर विसाव्या वर्षी २९ लाखांच्या आसपास होतात. हे तुम्हाला विकताना कुणी सांगितलं नाही, याचा मला राग येतो.

त्याहून मोठी चूक विम्याच्या रकमेत आहे. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर १० लाखांत घरकर्जही फिटत नाही. कर्ज बाजूला ठेवलं तरी घरखर्च जेमतेम दोन वर्षं चालेल. तेव्हा धाकटं मूल सात वर्षांचं असेल. वर्षाला लाख रुपये भरून कुटुंबाला एवढंच मिळणार असेल, तर त्याला मी विमा म्हणणार नाही.

तुम्हाला १ कोटीचा साधा टर्म विमा हवा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा. निर्व्यसनी आणि धडधाकट असाल तर साठीपर्यंतच्या विम्याचा हप्ता वर्षाला साधारण पंधरा-वीस हजार येईल. अर्जात प्रकृतीची कुठलीही गोष्ट लपवू नका. उरलेले ऐंशी हजार पीपीएफमध्ये जाऊ द्या.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस 'फ्री-लूक'चे असतात. तेवढ्यात परत केलीत, तर मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा हप्ता वजा जाऊन बाकी पैसे मिळतात. ही मुदत उलटली की सुरुवातीच्या वर्षांत बंद करताना भरलेल्यातला मोठा भाग बुडतो. तुमचा आठवडा गेलाय. "अजून एकदा विचार करा" म्हणत पॉलिसी विकणारा साहेब दिवस काढेल, त्याच्या हाती अर्ज देऊ नका. विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जा, कारण लिहा, सोबत मूळ पॉलिसी द्या आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या. टर्मचा अर्जही त्याच दिवशी करा. शाखेत जाण्याआधी पॉलिसीचं पान न् पान मोबाइलवर स्कॅन करून ठेवा.