इंग्लंडमध्ये शिकताय? विद्यापीठाने दिलेल्या शिस्तभंगाच्या निर्णयावर पहिलं अपील करताना

घाबरू नकोस, पण आधी निर्णयाचं पत्र शेवटपर्यंत वाच. अपिलाची मुदत त्यातच असते आणि ती फार थोडी असते.

नवखे हमखास चुकतात ते इथे: चार पानं भरून ‘माझ्यावर अन्याय झाला’ लिहितात. अपील म्हणजे पहिल्यापासून नवी सुनावणी नव्हे. साधारण तीनच मुद्दे चालतात:

- प्रक्रियेतली चूक, उदा. पुरावा तुला आधी दाखवलाच नाही
- नवा पुरावा (सुनावणीत का दिला नाहीस, हे विचारणारच)
- गुन्ह्याच्या मानाने जबर शिक्षा

वाङ्मयचौर्याचा आरोप असेल तर गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी काढून ठेव. रात्री अकराला खोडलेला परिच्छेद तुझ्या शपथांपेक्षा जास्त बोलतो.

स्टुडंट्स युनियनच्या सल्ला विभागाला आजच मेल टाक. मदत फुकट असते. वकिलाचं नंतर बघू.

अपील फेटाळलं तर ‘कम्प्लिशन ऑफ प्रोसीजर्स’ पत्र (विद्यापीठातली प्रक्रिया संपली असं सांगणारं) मागून घे. त्यानंतर 12 महिन्यांत ओआयएकडे (विद्यापीठांविरुद्ध विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र संस्था) विनाशुल्क तक्रार करता येते. त्याचे बारकावे तेव्हा सांगेन. निलंबन झालं असेल तर मात्र व्हिसाचं काय होईल ते इंटरनॅशनल ऑफिसला लगेच विचार.