वाचकांचे प्रश्न: कमी पैशात डिजिटल हॅम रेडिओ

या वेळी हॅम रेडिओवर (परवाना घेऊन हौसेने चालवायचा रेडिओ) आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे, डिजिटलमध्ये उतरायचंय, पैसे बेताचेच आहेत, नेमकं काय घेऊ. त्यातली चार पत्रं घेतलीयेत. एफटी८ म्हणजे कॉम्प्युटरने छोटे लिखित संदेश पाठवायची पद्धत, म्हणजे मोड, आणि डीएमआर म्हणजे बोललेलं डिजिटल करून पाठवणारा मोड, एवढं आधी लक्षात ठेवा.

प्रश्न: सर, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहा हजार साठवलेत. मित्र म्हणतो डीएमआरचा हँडसेट घेऊन टाक, मला मात्र एफटी८चे व्हिडिओ बघून तेच करावंसं वाटतंय. परवाना अजून काढलेला नाही. आधी काय घेऊ?

आधी काहीच घेऊ नकोस, दहा हजार तसेच राहू दे. हॅम बँडवर ट्रान्समिट करणारा कुठलाही सेट, भले तो दोन हजारांचा वॉकीटॉकी असो, परवाना नसताना जवळ ठेवणंही चालत नाही. ऑनलाइन मिळतो म्हणजे चालतो असं समजू नकोस, २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीवरून ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या होत्या. तेव्हा पहिलं काम म्हणजे सरल संचार या सरकारी पोर्टलवर परवान्याच्या परीक्षेचा अर्ज. वयाची १२ वर्षं पूर्ण असली की बसता येतं, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे परवान्याच्या खालच्या पातळीला, मोर्स कोड लागत नाही, थोडं बेसिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम, तुला ते जड जाणार नाही. पास झाल्यावर पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे होऊन कॉलसाइन, म्हणजे हवेत ओळख सांगायचं तुझं अक्षर-अंकी नाव, हातात यायला काही महिने जातात, आणि तेच महिने खरे शिकायचे असतात.

त्या काळात ऐक. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ, ब्राउझरमध्ये उघडायचा, १४.०७४ मेगाहर्ट्झ लावायचं, यूएसबी मोड ठेवायचा (हे अप्पर साइडबँड बरं का, पेनड्राइव्हवालं यूएसबी नाही), बासरीचे सूर एकमेकांत मिसळल्यासारखा जो आवाज येतो तो एफटी८. मग डब्ल्यूएसजेटी-एक्स हे एफटी८ वाचणारं सॉफ्टवेअर उतरवून घे, ते फुकट आहे, ब्राउझरचा आवाज व्हर्च्युअल ऑडिओ केबलने (एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात नेणारं सॉफ्टवेअर) त्यात सोड आणि लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून सेकंदाच्या आत बरोबर लावून घे, कारण एफटी८ मध्ये सगळं जग १५ सेकंदांच्या पाळीने चालतं, एका पाळीत हे बोलणार, पुढच्या पाळीत ते. घड्याळ दोन-तीन सेकंद चुकलं तरी स्क्रीन कोरी राहते आणि नवीन माणसाला वाटतं अँटेना बिघडली.

हा मोड २०१७ मध्ये आला, ज्यो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके या दोघांनी केला. टेलर म्हणजे बायनरी पल्सरच्या (जोडीने फिरणाऱ्या, ठरावीक ठेक्यात रेडिओ सिग्नल देणाऱ्या ताऱ्याच्या) शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच. मला याचं फार अप्रूप वाटतं, कारण आपल्या नारायणगावजवळ खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश ज्या पल्सरांकडे कान लावून असतात, तशाच गोंगाटात बुडालेल्या सिग्नलांचा अभ्यास केलेल्या माणसाने पाच वॉटच्या हौशी लोकांसाठी हा मोड लिहिला. सिग्नल फक्त ५० हर्ट्झ रुंद असतो आणि गोंगाटाच्या २० डेसिबल खाली असला तरी वाचता येतो, म्हणजे कानाला काहीच ऐकू येत नाही आणि स्क्रीनवर कॉलसाइन उमटतो. कमी बजेटवाल्याला एफटी८ आवडतो तो यामुळेच.

महिनाभर ऐकून गोडी लागली तर आरटीएल-एसडीआर डोंगल घे, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावायचा, फक्त ऐकणारा रेडिओ. मुळात हा टीव्ही बघायचा डोंगल, त्याच्यातल्या चिपमधून कच्चा सिग्नल काढता येतो हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं. साधा निळा डोंगल दोन हजारांच्या आसपास मिळतो, पण शॉर्टवेव्ह ऐकायचं असेल तर डायरेक्ट सॅम्पलिंगची (खालच्या फ्रिक्वेन्सी थेट पकडायची) सोय असलेला चांगला घे, थोडे पैसे जास्त जातील. त्याला खिडकीतून दहा मीटर वायर सोड आणि पीएसके रिपोर्टर या साइटवर तुझ्या डोंगलने काय काय पकडलं ते नकाशावर बघ. रात्री ४० मीटरचा बँड (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) कसा उघडतो, दुपारनंतर २० मीटरवर (१४ मेगाहर्ट्झच्या आसपास) युरोप कधी येतो, हे नाशिकच्या तुझ्या स्वतःच्या खिडकीतून कळणं मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा मोलाचं वाटतं.

मित्राच्या डीएमआरचं बोलायचं तर तो मोड वाईट नाही. पण डीएमआर, डी-स्टार आणि फ्यूजन या तिन्ही भाषा वेगळ्या, एकाचा सेट दुसऱ्याला ऐकू शकत नाही, आणि तुझ्या टप्प्यात त्या मोडचा रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं केंद्र) किंवा दुसरा माणूस नसेल तर सहा-सात हजारांचा हँडसेट कपाटात पडून राहतो. नाशिकमधल्या दोन-तीन हॅमना आधी भेट, ते काय वापरतात ते बघ, मगच ठरव.

प्रश्न: नमस्कार. मी साताऱ्याचा, नोकरीतून निवृत्त. व्हीयू२ ने सुरू होणारा कॉलसाइन फार जुना आहे, मोर्सही येतो, पण पंधरा वर्षं सेटला हात लावलेला नाही. घरी जुना १०० वॉटचा एचएफ (शॉर्टवेव्हचा) सेट आहे, चालू आहे, पण त्याला यूएसबी वगैरे काही नाही. मुलगा म्हणतो नवा घ्या, लाखभर रुपये जातील. तीस हजारांत काही होईल का?

तीस हजार कशाला, तीन हजारांत होईल. सेट विकू नका आणि नवाही घेऊ नका. फक्त परवान्याची मुदत संपलेली नाही ना, ते आजच कागद काढून बघा.

एफटी८ किंवा पीएसके३१ (टाइप करून बोलायचा दुसरा मोड) म्हणजे शेवटी आवाजच. कॉम्प्युटर सूर काढतो, सेट ते माइकच्या जागी घेतो आणि स्पीकरमधून आलेले सूर कॉम्प्युटर वाचतो. म्हणजे मध्ये लागतं काय, तर दोनतीनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड, ऑडिओला ६०० ओहमचे दोन छोटे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, आणि पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबायला यूएसबी-सीरियल मॉड्यूलवर एक पीसी८१७ ऑप्टोकपलर (प्रकाशाने चालणारा छोटा स्विच). पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. सेटला व्हॉक्स (आवाज आला की आपोआप ट्रान्समिट व्हायची सोय) असेल तर पीटीटीचं सर्किटही सुरुवातीला नको. ट्रान्सफॉर्मर मात्र वगळू नका, सेट आणि कॉम्प्युटरचं अर्थिंग सरळ जोडलं की हम (घूंऽ असा आवाज) येतो आणि ट्रान्समिट करताना लॅपटॉप गोठतो, मी आठवडाभर त्यातच घालवला होता. साउंड कार्ड वेगळं घ्यायचं कारणही सांगतो, लॅपटॉपचं आतलं वापरलं तर ईमेल आल्याची टिंग सुद्धा हवेत जाते.

दोन गोष्टी मनापासून सांगतो कारण यात सेट जळतात. एफटी८ चं ट्रान्समिशन १२.६ सेकंद सलग पूर्ण ताकदीने चालतं, बोलण्यासारखे चढउतार नाहीत, त्यामुळे १०० वॉटचा सेट २५-३० वॉटवर ठेवा, आणि तेवढे पुष्कळ होतात. दुसरं म्हणजे ऑडिओची पातळी, एएलसीचा (ऑडिओ जास्त झाला की आवरणाऱ्या सर्किटचा) काटा हलायला लागेपर्यंत वाढवा आणि मग तो पुन्हा पडेपर्यंत कमी करा. ऑडिओ जास्त झाला की तुमचा ५० हर्ट्झचा सिग्नल पसरून शेजारच्या दहा जणांवर बसतो. माझा पहिला महिना असाच गेला, पॉवर जास्त म्हणजे लांब जाणार असं डोक्यात होतं, शेवटी एका ज्येष्ठ हॅमने फोन करून वॉटरफॉलचा (स्क्रीनवर सिग्नल दाखवणाऱ्या पट्ट्याचा) फोटो पाठवला तेव्हा समजलं.

ज्यांच्याकडे जुना सेट नाही त्यांच्यासाठी याच उत्तरात लिहितो. फक्त डिजिटल करायचं असेल तर क्यूआरपी लॅब्सचा क्यूडीएक्स हा किट मला आजही सगळ्यात पैसावसूल वाटतो, ५ वॉट, साउंड कार्ड आतच, कॉम्प्युटरला एकच यूएसबी केबल लावायची की झालं. किट स्वस्तातला आहे पण परदेशातून येतो, वर पोस्टेज आणि कस्टम, आणि परवाना हातात नसताना मागवला तर पार्सल अडकलं म्हणून समजा. सोल्डरिंगला हात बसलेला हवा, टोरॉइडवर (छोट्या गोल कड्यावर) तार गुंडाळायला संयम हवा. त्यावर पीएसके३१ पाठवता येत नाही हेही माहीत असू द्या, त्याचा ट्रान्समीटर एका वेळी एकच सूर काढतो, एफटी८ला तेवढं पुरतं, पीएसके३१ला सिग्नलची उंची, म्हणजे ताकद, बदलावी लागते. दुसरा रस्ता हैदराबादचा. अशर फरहान यांनी बिटएक्स नावाने जे सेट केले, मायक्रोबिटएक्स, मग रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) आतच असलेला एसबिटएक्स, ते जगभर बांधले गेले. एसबिटएक्समध्ये एफटी८ आतच आहे, लॅपटॉपही लागत नाही. भारतात बनतो, सर्किट उघडं आहे, बिघडला तर आपल्याला दुरुस्त करता येतो, मला हे फार मोठं वाटतं. तयार सेटच हवा असेल तर शीगू जी९० बघा, २० वॉट आणि ट्यूनर (अँटेना सेटशी जुळवणारा) आत, पण तो तीस हजारांत बसत नाही.

प्रश्न: डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर वन बीएचके. सोसायटी गच्चीवर काही लावू देत नाही. सेट घ्यायला पैसे आहेत, अँटेनाला जागा नाही. मॅग्नेटिक लूप (छोटी गोल अँटेना) विकत घेऊ का?

थांबा जरा. सेटला जेवढे पैसे ठेवलेत त्यातले निम्मे अँटेना आणि कोॲक्सला (अँटेनाच्या केबलला) वळवा, सेट लहान घ्या. २० मीटरचा हाफ वेव्ह डायपोल (मधोमध तोडून दोन बाजू केलेली तारेची अँटेना) म्हणजे जेमतेम दहा मीटर तार, एका बाजूला ५ मीटर ५-६ सेंटीमीटर. घराच्या वायरिंगची दीड स्क्वेअरची वायर, मध्ये पीव्हीसीचा तुकडा, तिथेच कोॲक्सचे दहा-बारा वेढे गुंडाळून चोक, झाला बॅलन (केबलच्या बाहेरून परत येणारा करंट अडवणारा). एक बाजू बाल्कनीतून खाली, दुसरी कपडे वाळत घालायच्या दांडीच्या लांबीने आडवी, अशी वेडीवाकडी लावली तरी चालते. पातळ एनॅमल वायर वापरली तर खालून दिसतसुद्धा नाही. ग्रिलपासून हातभर लांब ठेवा, आणि ट्रान्समिट करताना तारेला कोणाचा हात लागणार नाही हे बघा, टोकांना व्होल्टेज जास्त असतं.

लूप चालते, पण विकतची महाग आहे आणि फ्रिक्वेन्सी थोडी हलली की पुन्हा ट्यून करत बसा. एफटी८ला मात्र ती त्यातल्या त्यात सोयीची, कारण आपण एकाच जागी बसून असतो. तारेचं जमलंच नाही तर लूप घरीच बनवा. तार कापण्याआधी नॅनोव्हीएनए घ्या किंवा कोणाकडून आणा, चार-पाच हजारांचं ते छोटं यंत्र एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली त्याचं माप) दाखवतं आणि अंदाजाने तार कापत बसायचं वाचवतं. आधी लांब ठेवायची आणि मग बोटबोट कमी करायची.

फ्लॅटमध्ये खरा त्रास अँटेनापेक्षा आवाजाचा असतो. एलईडी बल्ब, वायफायचा अडॅप्टर, शेजारचा इन्व्हर्टर, सगळे मिळून बँडवर गोंगाट करतात. एकदा सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा आणि घरचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करून ऐका. बिल्डिंगची लाइट गेली की तर बँड असा शांत होतो की आपण गावाला आलोय असं वाटतं, त्या वेळी सेटपाशीच बसा. कुठला अडॅप्टर ओरडतोय ते एकेक काढून शोधा, तो बदलायला दोनशे रुपये लागतात आणि त्याने जो फरक पडतो तो पन्नास हजारांच्या सेटनेही पडत नाही.

आणि पावसाळ्याआधी कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) नीट गुंडाळा, आपल्याकडच्या पावसात कोॲक्समध्ये पाणी एकदा शिरलं की केबल गेली. विजा चमकायला लागल्या की केबल सेटपासून काढून ठेवायची, यात आळस नको.

प्रश्न: माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, आम्ही कोल्हापूरला असतो. तिला स्पेस स्टेशनवरून फोटो येतात असं कुठेतरी कळलंय आणि ती रोज विचारते. मला यातलं काही कळत नाही. दोन-तीन हजारांत तिला काही करता येईल का?

ताई, नक्की येईल, आणि परीक्षेला अजून एक वर्ष आहे तेवढ्यात ती पुष्कळ शिकेल. स्पेस स्टेशनवरून अधूनमधून, ठरलेल्या दिवसांतच, १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं सोडतात, त्याला एसएसटीव्ही म्हणतात. हँडसेट नको, वर सांगितलेला साधा निळा डोंगल घ्या, यासाठी तो पुरतो. अँटेना तिलाच बनवू दे. ४९ सेंटीमीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या काड्या, दोन्ही आडव्या, इंग्रजी व्हीसारख्या १२० अंशात, मध्ये स्क्रूचा टर्मिनल ब्लॉक, एका काडीला कोॲक्सची आतली तार आणि दुसरीला बाहेरची जाळी. गच्चीवर मोकळ्या जागेत धरायची.

लॅपटॉपवर डोंगलचं सॉफ्टवेअर एनएफएमवर (नॅरो एफएम) लावा, आवाज मोठा करा आणि मोबाइलवर रोबोट३६ हे फुकट ॲप उघडून फोन स्पीकरजवळ धरा. स्टेशन सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जातं, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत साधारण दहा मिनिटांत, आणि एक चित्र यायला दोन मिनिटं लागतात, म्हणजे एका फेरीत दोन-तीन चित्रं मिळाली तरी खूप. कोल्हापूरवरून कधी जाणार ते सॅटेलाइट ट्रॅकिंगच्या ॲपमध्ये दिसतं. चित्रं नसतील त्या दिवसांत १४५.८२५ वर पॅकेटचे (कॉम्प्युटरच्या छोट्या संदेशांचे) करकर आवाज ऐकू येतात, तिथे तिला अँटेना फिरवायचा सराव करू द्या. हवामान उपग्रहाचे फोटो पकडा असे जुने व्हिडिओ तिच्या बघण्यात येतील, त्यातले अमेरिकेच्या नोआ संस्थेचे १५, १८ आणि १९ हे तिन्ही २०२५ मध्ये बंद झाले, ते शोधत बसू नका.

पहिलं चित्र बहुतेक तिरकं आणि मुंग्या-मुंग्यांचं येईल, तरी डिलीट करू नका. तारीख, वेळ आणि अँटेना कुठल्या दिशेला धरली होती ते तिला वहीत लिहायला सांगा आणि चित्र आमच्याकडेही पाठवा, पुढच्या अंकात छापू.